सर्जेराव, सरकार, इनामदार: मोठ्या घरच्या माणसांसाठी आपल्याकडचे शब्द

पंचगंगाकाठ

मोठ्या घरच्या, मानाच्या, अधिकाराच्या माणसांसाठी कोल्हापूर भागात जे जे शब्द चालत आले, त्यांची मी एक वही करतोय. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. नुसता शब्द नको. तो कोण कुणाला म्हणायचं, तोंडावर म्हणायचं की पाठीमागं, आणि आता त्याचं काय झालंय, तेही लिहा.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालायला बरं. हे बहुतेक शब्द जन्माचे नाहीत, कामाचे आहेत. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या जहागिरी घ्या. विशाळगडचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंतअमात्य, कापशीचे सेनापती, तोरगलचे सेनाखासखेल, कागलचे सर्जेराव वजारतमआब, शिवाय हिंमतबहाद्दर. यातला कुठलाही शब्द बाप कोण हे सांगत नाही. कुणी हिशेब पाहिला, कुणी फौज सांभाळली, कुणी गड राखला, तेवढंच सांगतो. पाटील, देशमुख, सरनोबत यांचंही तसंच. काम संपलं, शब्द घरात राहिला, आणि मग आपण त्याला जन्माचा मान समजायला लागलो.

पटतंय का?

तांबडारस्सा

आमच्या शिवाजी पेठेत एका गल्लीत तीन सर्जेराव, दोन हिंदुराव आणि एक हंबीरराव. जहागीर एकाचीही नाही. एका सर्जेरावांचं सायकलचं दुकान आहे आणि हंबीरमामा दूध घालतात. "ओ सर्जेराव" अशी हाक मारली की तिघं वळून बघतात. नाद खुळा गल्ली आहे भावा. वहीत घाला.

मोडीवाचक

तांबडारस्सा यांच्या गल्लीची नोंद महत्त्वाची आहे, कारण या पदव्या होत्या आणि त्यांची बारशातली नावं झाली.

हंबीरराव ही हंसाजी मोहित्यांना मिळालेली पदवी. त्यांच्या आधीचे सरसेनापती प्रतापराव गुजर. त्यांचं मूळ नाव कुडतोजी, पण ते आता फक्त इतिहासात वाचायचं. १६७४ च्या फेब्रुवारीत ते नेसरीला पडले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आणि तिथलं स्मारकही प्रतापरावांचं म्हणूनच ओळखलं जातं. पदवीनं नाव पार झाकून टाकलं. राजाराम महाराजांच्या काळात घोरपड्यांच्या घरात संताजींना ममलकतमदार, बहिर्जींना हिंदुराव आणि मालोजींना अमीर-उल-उमराव असे किताब मिळाले. विठोजी चव्हाण हिंमतबहाद्दर झाले तेही तेव्हाच. सर्जेराव मधला सर्जा फारसी 'शर्झा'वरून आला, म्हणजे चवताळलेला वाघ-सिंह. यातलं हिंदुराव आणि सर्जेराव लोकांच्या तोंडी बसलं आणि पाळण्यात गेलं. ममलकतमदार नाही गेलं. पाळण्यात जायला शब्द हाक मारण्याजोगा असावा लागतो.

दुसरी गोष्ट, मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं संबोधन. जुनी पत्रं वाचताना मजकुराच्या आधी मायना वाचायचा असतो, कारण लिहिणारा वर की ज्याला लिहिलं तो वर, हे तिथंच कळतं. सरदाराला 'राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री' किंवा 'अखंडितलक्ष्मीअलंकृत'. विद्वान ब्राह्मणाला 'वेदशास्त्रसंपन्न'. खालच्या अधिकाऱ्याला 'मशहुरल अनाम'. वडीलधाऱ्याला 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव'. छत्रपतींना आणि पुढं पेशव्यांना 'श्रीमंत'. कारकुनाचा मायना चुकला तर पुढच्या मजकुराला किंमत उरत नसे. तेव्हा श्रीमंत या शब्दाचा पैशाशी संबंध नव्हता, हे वहीत ठळक लिहा.

रंकाळा_किनारी

इथवर सगळे पुरुषच आले. बायकांचे शब्द कोण लिहिणार?

आईसाहेब, आक्कासाहेब, ताईसाहेब, वहिनीसाहेब, राणीसाहेब. पाटलीणबाई, इनामदारीणबाई. आणि मायन्यात 'सौभाग्यवती वज्रचुडेमंडित', नवरा गेला की 'गंगाभागीरथी'. बघा, पुरुषाचा मायना त्याचं पद सांगतो आणि बाईचा मायना नवरा आहे की नाही ते सांगतो. पंचगंगाकाठ, तुमचं 'कामाचे शब्द' हे मत बायकांच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर अडतं. पाटलीणबाई गावाचं काम करत नव्हती. ती पाटलाची बायको होती म्हणून पाटलीण.

आणि ज्यांनी खरोखर काम केलं त्यांना आपण काय म्हणतो? ताराबाईसाहेबांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली, १७१० मध्ये पन्हाळ्यावर गादी उभी केली. करवीरचं राज्य म्हणतो ते त्यांचं कर्तृत्व. कावळा नाक्याला पुतळा आहे, रोज त्याच्यासमोरून बस जाते. त्यांच्यासाठी सेनापतीसारखा एखादा शब्द कुणी घडवला नाही. राणी, महाराणी, एवढंच.

आक्कासाहेब मात्र वाड्यातून बाहेर आला याचा मला आनंद आहे. आमच्या मंगळवार पेठेत थोरल्या बहिणीला सर्रास आक्कासाहेब म्हणतात. माझी धाकटी भावंडं मला तसंच म्हणतात आणि त्यात प्रेमच असतं.

पंचगंगाकाठ

रंकाळा_किनारी, हा मुद्दा मी वहीच्या पहिल्या पानावर घेतो. बायकांसाठी वेगळं पान नको, त्याच पानावर.

उंबरठ्याबाहेर

धागा आवडीनं वाचतोय. पण सगळे प्रतिसाद वाड्याच्या आतून किंवा समोरच्या रस्त्यावरून आलेत. आमच्या बाजूनंही बघा.

सरकार, धनी, मायबाप हे शब्द आमच्या आज्याला रोज म्हणावे लागायचे. 'जोहार मायबाप' हा नमस्कार होता आणि तो एकाच दिशेनं जायचा. उलट दिशेनं यायचं ते अर्धं मोडलेलं नाव. नावाच्या शेवटाला 'या' लावून हाक. म्हातारा माणूस असला तरी. समोरच्याच्या नावाला 'राव' आणि माझ्या आज्याच्या नावाला 'या', हे दोन्ही एकाच व्यवहाराचे भाग आहेत, त्यामुळं वहीत एक लिहिलं तर दुसरं पण लिहा.

आणखी एक. वतनदार शब्द तुम्ही मानाच्या यादीत टाकणार, मला खात्री आहे. पण महार वतन हेही वतनच होतं. कागदावर महारही वतनदार. पाटलाच्या वतनात मान होता, आमच्या वतनात वेठ होती. सरकारी टपाल घेऊन धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं, साहेबाचा घोडा धरायचा, आणि त्या बदल्यात तुकडाभर जमीन सगळ्या भावकीत. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात महार वतन रद्द केलं ते या कारणानं. बाकी मुंबई राज्यात त्याला १९५८ चा कायदा यावा लागला, आणि त्या कायद्यातही या वतनांना 'कनिष्ठ' म्हटलंय.

जुन्या काळची आमची नावं बघा. सिदनाक, रामनाक, रायनाक. कोरेगावच्या स्तंभावर अशी नावं ओळीनं कोरलेली आहेत. त्यातला 'नाक' हा नायकाचाच, असं आमच्यात मानतात. म्हणजे आमच्याही नावात अधिकाराचा शब्द होता. तो कधी आणि कसा उतरत गेला, यावर कुणी अभ्यासानं लिहिलं तर वाचायला आवडेल.

तांबडारस्सा

उंबरठ्याबाहेर, दंडवत. हे वाचून गल्लीतल्या सगळ्यांना पाठवलं.

कागलकडचा

उंबरठ्याबाहेर यांच्याशी पूर्ण सहमत. त्यांनी सांगितलेलं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते विसरू नये.

'सरकार' बद्दल थोडं. आमच्या कागलात सरकार म्हटलं की जुन्या माणसाच्या डोक्यात आधी वाडा येतो, मंत्रालय नंतर. 'सरकारांचं रान', 'सरकारांची विहीर' असं अजून बोलतात. फारसीत सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. कामाचा प्रमुख. तेव्हा पंचगंगाकाठ यांच्या बाजूनं आणखी एक शब्द.

पण त्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा अजून कुणीच दिला नाही, याचं कागलकर म्हणून मला नवल वाटतं. शाहू महाराज जन्मानं छत्रपती नव्हते. १८७४ ला घाटग्यांच्या घरात यशवंतराव म्हणून जन्मले. १८८४ मध्ये आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतलं आणि ते शाहू छत्रपती झाले. १८९४ ला राज्यारोहण. या भागातला सगळ्यात मोठा शब्द ज्यांनी सगळ्यात मोठा केला, त्यांच्याकडं तो दत्तकविधानानं आला.

इचलकरंजीचंही बघा. तिथले घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेवांनी संताजींच्या पदरी चाकरी केली आणि धन्याचं आडनाव घेतलं. ब्राह्मण घराणं, मराठा आडनाव, जहागीर आपल्या कर्तबगारीची.

राजारामपुरीचे_मास्तर

मला हे चित्र फार गोड वाटतंय. कामाचे शब्द, कामाचे शब्द म्हणत आपण जन्म नावाची गोष्ट नव्हतीच असं दाखवतोय.

१८९९ मध्ये याच पंचगंगेवर कार्तिकस्नानाला महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. समोर छत्रपती उभे, नावामागं 'क्षत्रियकुलावतंस', आणि मंत्र म्हणणारा त्यांना शूद्र धरून मंत्र म्हणतो. इथं पद कामाला आलं का? नाही. जन्म कोणता हेच विचारलं गेलं. त्यातून किती वर्षं संघर्ष झाला आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं, पीठ स्थापन करण्यापर्यंत गोष्ट गेली, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि मंत्रांचं सोडा. लग्नाच्या बैठकीत बसा. शहाण्णव कुळी, पंचकुळी, अस्सल, खानदानी, घरंदाज, कुळवंत, 'चांगल्या रक्ताचं', 'नाव सांगण्यासारखं घर'. हे शब्द शुद्ध जन्माचे आहेत आणि आजही जिवंत आहेत, सनदी शब्दांपेक्षा जास्त जिवंत. सनदेतला शब्द फलकावर दिसतो म्हणून आपण त्याची चर्चा करतो. बैठकीतला शब्द दार लावून बोलला जातो, म्हणून तो कुणाच्या वहीत येत नाही. पंचगंगाकाठ, ते पान आधी भरा.

पंचगंगाकाठ

मास्तर, मुद्दा जड आहे आणि मला तो मान्य करून पुढं जायचंय. तरी माझं एक म्हणणं उरतं. बैठकीत 'खानदानी' म्हणणाऱ्याला पुरावा विचारला की तो काय दाखवतो? सनद, इनामाचा कागद, गावातला मान, पोळ्याला कुणाचा बैल पुढं, होळीला पहिला नारळ कुणाचा. म्हणजे जन्माचा दावा करतानाही तो कामाच्याच खुणा पुढं करतो.

राजारामपुरीचे_मास्तर

खुणा कामाच्या, पण काम पणजोबाचं. पणजोबाचं काम नातवाला बसल्या जागी मिळालं की त्यालाच जन्म म्हणतात.

सीमेपलीकडची

निपाणीकडून रामराम. आमच्या बाजूला पाटील म्हणजे गौडा आणि देशमुखी करणारे देसाई. काम एकच, भाषेप्रमाणं शब्द वेगळा. एकाच घरात एक भाऊ आडनाव पाटील लावतो आणि कन्नड शाळेच्या दाखल्यात चुलतभाऊ गौडा असतो. दोघं एकमेकांच्या लग्नाला जातात. 'पाटील' हा जुन्या शिलालेखांतल्या पट्टकिल शब्दापासून आला असं शिकवलं होतं, म्हणजे तो सुलतानांच्याही आधीचा. इनामदार, जहागीरदार, मोकदम हे मागाहून फारसी-अरबीतून आले.

आता पाटलाचं वतन राहिलं नाही. १९६२ च्या कायद्यानं तुमच्याकडं मुलकी पाटलांचं पद गेलं आणि १९६७ च्या कायद्यापासून पोलीस पाटील नेमला जातो. माझी मावशी तुमच्या गडहिंग्लज तालुक्यात पोलीस पाटील होती. तिला गाव 'पाटीलबाई' म्हणायचं. नवरा शिक्षक, आडनाव वेगळंच. रंकाळा_किनारी, ही पाटीलबाई मात्र स्वतःच्या कामाची.

रंकाळा_किनारी

सीमेपलीकडची, तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. पाटलीणबाई आणि पाटीलबाई हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहायचे, मध्ये काही स्पष्टीकरण नको.

तांबडारस्सा

अवांतर आहे, पण कोल्हापूरच्या धाग्यात कुस्ती नाही म्हणजे काय मर्दा! महाराष्ट्र केसरी, हिंद केसरी ह्या पदव्या नव्हेत काय? या वडिलांकडून मिळत नाहीत. पोरगं पैलवानाचं असलं तरी मातीत उतरायलाच लागतं. आणि आमच्याकडं माजी हिंद केसरी रस्त्यानं चालला तर रिक्षावाला रिक्षा थांबवून पाया पडतो. वजारतमआब चालले असते तर थांबवली असती काय, सांगा.

खाशाबा जाधव घ्या. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. खाशाबा हे नावसुद्धा मला ह्याच धाग्यातलं वाटतंय. मोडीवाचक, बघा की.

मोडीवाचक

नावाबद्दल छातीठोक सांगणार नाही, पण 'खासा' हा शब्द या धाग्यात हवाच होता, बरं झालं आठवण केलीत.

खासा म्हणजे स्वतः राजा किंवा त्याच्या रक्तातला माणूस. 'खासे स्वारीस निघाले', 'खाशांची पंगत', 'खाशी स्वारी'. खाशांच्या घरच्या खर्चाचा, जमिनींचा कारभार म्हणजे खासगी. दौलतीचा कारभार वेगळा, खासगीचा वेगळा. आज आपण खासगी बस, खासगी शाळा म्हणतो, ती त्याच शब्दाची पुढची पिढी. आणि खासबाग म्हणजे खाशांची बाग. तिथं शाहू महाराजांनी कुस्त्यांचं मैदान उभं केलं आणि हजारो माणसं भोवतीनं बसली. आता खासबाग म्हटलं की कुणालाही राजा आठवत नाही, लाल माती आठवते. एका शब्दाचं याहून चांगलं काय व्हावं!

आजरेकर_पोरगा

मी नवीन सदस्य. माझ्या मोठ्या भावाचं लग्न ठरलंय आणि पत्रिकेवरून घरात ओढाताण चालू आहे. आजोबांच्या वेळच्या पत्रिकेत सगळ्यांच्या नावाआधी 'रा. रा.' आहे. चुलते म्हणतात आता 'श्रीमंत' छापू, आपण इनामदार. वडील नको म्हणतात. रा. रा. म्हणजे काय आणि श्रीमंत छापावं का?

गडहिंग्लजची_सून

इनाम राहिलंय का पण? खासगी इनामं कायद्यानं गेली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. घटनेच्या १८ व्या कलमानं पदव्या बंद झाल्या. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं राजांची मान्यता आणि तनखे गेले. इंग्रजांच्या काळात करवीरच्या राजाला १९ तोफांची सलामी होती, कुणाचा मान किती हे तोफांवर मोजायचे. त्या तोफाही गेल्या.

तरीसुद्धा दसऱ्याला मैदानात शमीपूजनाला छत्रपती घराण्याची गाडी आली की गर्दी पुढं सरकते. मी स्वतः पोराला खांद्यावर घेऊन पुढं सरकते. कायद्यानं नाही, आतून. हा मान मला 'राजर्षी' या शब्दामुळं वाटतो. तो सनदेचा नव्हे आणि विलायतेचाही नव्हे. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजानं दिला. दुसऱ्या प्रांतातल्या शेतकरी जातीच्या लोकांनी दिलेला शब्द इथं टिकला, आणि इंग्रजांनी दिलेली जी. सी. एस. आय. ही पदवी आज कोल्हापुरात कुणाला सांगितली तर तो विचारेल काय असतं ते.

उंबरठ्याबाहेर

गडहिंग्लजची_सून, राजर्षीबद्दल शंभर टक्के. आमच्या घरात शाहू महाराजांचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी आहे. १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेला महाराज स्वतः आले आणि अस्पृश्यांना म्हणाले, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. राजानं दुसऱ्याला पुढारी म्हणावं, हे कुठल्या मायन्यात बसतं ते मोडीवाचक सांगतील.

'साहेब' हा शब्दही बघा. आबासाहेब, बापूसाहेब ही वाड्यातली नावं. बाबासाहेब म्हटलं की आता जगात एकच माणूस डोळ्यांपुढं येतो.

आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना पाळण्यातून उठल्यापासून 'राव' लावूनच हाक मारली. चौथीतल्या पोराला अमुकराव, जेवायला या. शेजारी हसायचे. वडील कधी हसले नाहीत. आमच्या आज्याच्या नावाचा 'या' त्यांनी तसा पुसला.

तांबडारस्सा

पोराला आजपासून राव.

कागलकडचा

आजरेकर_पोरगा, रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. मोडीवाचकांनी वर सांगितलेला सरदारांचा मायना. तो हळूहळू सगळ्यांना लागायला लागला. सावकार, मास्तर, कारकून, शेतकरी, सगळे रा. रा. झाले आणि तो आजच्या 'श्री.' सारखा वापरला जाऊ लागला. इनामदार हे तुमचं आडनाव असेल तर ते छापाच, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. श्रीमंत मात्र नको असं मलाही वाटतं. तो मायना गादीचा. मुलीकडच्या मंडळींच्या नावाआधी तुम्ही तो लावणार नाही, म्हणजे एकाच पत्रिकेत एक बाजू वर आणि दुसरी खाली. ज्या घरची मुलगी आणताय त्यांना छापील कागदावर खाली बसवू नका.

गगनबावड्याचा_पाऊस

उशिरा आलो, पण अमात्यांच्या गावचा असून गप्प बसलो तर बरं दिसणार नाही.

आमचे रामचंद्रपंत अमात्य. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचं राज्य त्यांच्यावर सोपवलं आणि 'हुकमतपन्हा' किताब दिला. १७१५ च्या सुमाराला त्यांनी करवीरच्या छत्रपतींसाठी राज्यकारभारावरचं 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात वतनदारांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि ते या धाग्याशी थेट भिडतं. पंतांचं म्हणणं असं, की देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना वतनदार म्हणतात ते नुसतं बोलण्यापुरतं. खरे ते लहान लहान स्वतंत्र देशनायकच आहेत. राजा दुबळा झाला की हेच उठणार, परचक्र आलं की वतनाच्या लोभानं शत्रूला भेटणार. म्हणून त्यांना स्नेह आणि दंड या दोहोंमध्ये धरून ठेवावं.

म्हणजे पंचगंगाकाठ, तुमच्या यादीतला स्वतः अमात्य तीनशे वर्षांपूर्वी सांगतोय की शब्दाकडं बघून फसू नका, त्या माणसाच्या हातात किती गावं आणि किती माणसं आहेत ते बघा. कामाचा आणि जन्माचा वाद चालू दे, पण ताकदीचा रकाना वहीत आधी आखा.

राजारामपुरीचे_मास्तर

+१. आणि हा रकाना आजच्या फलकांनाही लावा.

पंचगंगाकाठ

रकाना आखला. शब्द, कोण म्हणायचं, कुणाला, उलट दिशेनं काय यायचं, आणि हातात काय होतं. बैठकीतल्या शब्दांचं पान मास्तरांनी सांगितलं तसं आधी भरतोय, आणि त्यासाठी लग्नं जमवणाऱ्या माणसांशी बोलायला लागलोय. नाकान्त नावांवर कुणाकडं जुने गावकागद असतील तर इथंच लिहा, उंबरठ्याबाहेर आणि मी मिळून वाचू.

आजरेकर_पोरगा

सगळ्यांचे आभार. चुलत्यांना धागा वाचून दाखवला. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले रा. रा. बरं आहे, दादांच्या (म्हणजे आजोबांच्या) पत्रिकेत होतं. दोन्हीकडच्या सगळ्या पुरुषांना रा. रा. छापतोय. आता बायकांच्या नावाआधी काय छापायचं ते रंकाळा_किनारी यांनी सांगावं, प्रेसवाला थांबलाय.

रंकाळा_किनारी

श्रीमती. सगळ्यांना. नवरा असो, नसो, लग्न झालेलं असो, नसो. आणि तुमच्या आजीचं नाव पत्रिकेत सगळ्यात वर घ्या, गं. भा. न लावता.